सरक, चढ आणि बाक: सिक्वेन्सर-क्वांटायझरच्या व्होल्टेज जुळवणीच्या नोंदी

३ नोव्हेंबर

सिक्वेन्सर (ठरवलेल्या स्वरांची व्होल्टेजं एकामागोमाग पाठवणारं माझं यंत्र) चालतोय, आठही पायऱ्या फिरतायत, आतला क्वांटायझर (कोणत्याही व्होल्टेजला जवळच्या स्वरावर बसवणारा भाग) स्वर पकडतोय, तरी वरच्या सप्तकांत सूर उतरतो. खाली छान वाजणारी ओळ तीन सप्तकं वर नेली की ऐकवत नाही. दोन ऑसिलेटर (व्होल्टेजप्रमाणे स्वर वाजवणारी यंत्रं) एकत्र लावले तर आणखीच वाईट.

आज पहिल्यांदा कानाच्या जोडीला आकडे घेतले. ऑसिलेटर १ व्होल्टच्या स्वराला ट्यूनरवर शून्यावर आणला आणि सिक्वेन्सर एकेक सप्तक चढवत गेले. २ व्होल्टला १५ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली, ३ ला ३१, ४ ला ४९, ५ ला ६९. त्याच ऑसिलेटरला कीबोर्डमधून व्होल्टेज दिलं तर तेवढ्याच पल्ल्यात चूक ५ सेंटच्या आत राहते. म्हणजे मोठा दोष सिक्वेन्सरच्या बाजूला आहे, पण सगळा त्याचाच आहे असं अजून म्हणवत नाही. ट्यूनर दाखवतो ती सिक्वेन्सर, केबल आणि ऑसिलेटर या तिघांची बेरीज.

कामाला लागण्याआधी डोळ्यांसमोर ठेवायचे आकडे लिहून ठेवते. सप्तकाला १ व्होल्ट, म्हणून अर्धस्वराला ८३.३३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला ०.८३३ मिलिव्होल्ट. ही पद्धत १९६० च्या दशकात रॉबर्ट मूग यांच्या वाद्यांमुळे रुळली, आणि १९९५ साली आलेल्या डोपफर कंपनीच्या ए-१०० पासून युरोरॅकही (सुट्या भागांच्या सिंथेसायझरची पद्धत) तिच्यावरच चालतं. डॉन बुक्ला यांच्या वाद्यांत सप्तकाला १.२ व्होल्ट असतात, तिथे अर्धस्वर नेमका १०० मिलिव्होल्टचा होतो. कॉर्ग एमएस-२० मध्ये तर व्होल्टेज थेट हर्ट्झच्या प्रमाणात वाढतं, प्रत्येक सप्तकाला दुप्पट. माझं सगळं सप्तकाला १ व्होल्टवर आहे, पण दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडताना हे आधी विचारायला हवं.

एक मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा सेंट. या कामात मिलिव्होल्ट ही बारीक रक्कम नाही.

५ नोव्हेंबर

मोजायचं कशाने, इथेच दिवस गेला.

माझं रोजचं मीटर २००० गणनांचं, म्हणजे ० ते १९९९ एवढेच आकडे दाखवणारं आहे. २ व्होल्टच्या पल्ल्यात ते १ मिलिव्होल्ट दाखवतं, पण आकडा २ च्या वर गेला की २० च्या पल्ल्यात जावं लागतं आणि तिथे शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा होतो. एकेक अंक म्हणजे १२ सेंट. ज्या चुकीच्या शोधात आहे ती त्या अंकांच्या फटीत सहज लपेल.

मैत्रिणीकडून साडेचार अंकी मीटर आणलं, २०,००० गणनांचं. त्याच्या माहितीपत्रकात अचूकता ०.०५ टक्के आणि वर ३ अंक अशी दिली आहे. हिशोब केला: २० च्या पल्ल्यात ५ व्होल्ट मोजताना २.५ मिलिव्होल्ट अधिक ३ मिलिव्होल्ट, मिळून ५.५. साडेसहा सेंट. मीटर चांगलं आहे, पण थेट वाचून भागणार नाही. पडद्यावर दिसणाऱ्या अंकांची संख्या आणि त्या अंकांवर किती विश्वास ठेवायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः बरीच वर्षं त्या एकच समजत होते.

८ नोव्हेंबर

मोजपट्टी तयार झाली, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान देणारी वस्तू हीच आहे.

एडीआर४५५० ही ५ व्होल्टची संदर्भ चिप, ०.०२ टक्के श्रेणीतली. म्हणजे ५ व्होल्टवर चूक फार तर १ मिलिव्होल्ट. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली. तिच्या आउटपुटवर १ किलोओहमचे पाच रेझिस्टर एकामागोमाग जोडले, की मधल्या चार सांध्यांवर ४, ३, २ आणि १ व्होल्ट मिळतात. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर असूनही नुसतं नशिबावर सोडलं तर मधल्या सांध्यावर दोन-अडीच मिलिव्होल्टची चूक येऊ शकते. म्हणून वीस रेझिस्टर त्याच मीटरवर मोजले आणि एकमेकांशी ०.१ ओहमच्या आत जुळणारे पाच निवडले. ते ठीक १००० ओहम आहेत की नाहीत याने काही बिघडत नाही, पाचही सारखे असले की झालं. सारखेपणा ओळखायला हे मीटर पुरेसं आहे.

आता मोजण्याची रीत. मीटरची काळी पिन जमिनीला (सर्किटच्या शून्य व्होल्टला) लावायचीच नाही. लाल पिन सिक्वेन्सरच्या आउटपुटवर आणि काळी पिन मोजपट्टीच्या त्याच व्होल्टच्या सांध्यावर. दोन्हींची जमीन एकत्र जोडलेली. मीटर मग ५ व्होल्ट न वाचता फक्त फरक वाचतं, २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यात, ०.०१ मिलिव्होल्टपर्यंत. फरकच दहा मिलिव्होल्टचा असेल तर त्याच्यावर ०.०५ टक्के चूक झाली काय आणि न झाली काय. मीटर पूर्ण तराजू राहत नाही, तराजूचा काटा होतो.

सांध्यांच्या मधले अर्धस्वर मोजताना जवळच्या खालच्या सांध्यापासूनचा फरक २ व्होल्टच्या पल्ल्यात घ्यायचा. तिथे जास्तीत जास्त चूक ०.८ मिलिव्होल्ट धरते, म्हणजे एका सेंटच्या आत.

९ नोव्हेंबर

अर्धा तास सगळं गरम होऊ दिलं आणि पहिल्या आउटपुटच्या नोंदी घेतल्या. काहीही न जोडता, नेमक्या आकड्यापासूनचा फरक मिलिव्होल्टमध्ये:

० व्होल्टला +९.२
१ व्होल्टला +०.६
२ व्होल्टला −२.९
३ व्होल्टला −६.४
४ व्होल्टला −९.९
५ व्होल्टला −१३.४

ऑसिलेटर जोडून पुन्हा: ९.१, −९.३, −२२.७, −३६.०, −४९.४, −६२.८.

त्याच आउटपुटवरून साध्या मल्टिपलने (एक आउटपुट अनेकांना वाटणाऱ्या जोडणीने) दोन ऑसिलेटर: ५ व्होल्टला −१११ मिलिव्होल्ट. अर्धस्वरापेक्षा जास्त. दोन ऑसिलेटर एकत्र का रडत होते ते आता कळलं.

आकडे कागदावर मांडून पाहिले, आणि मांडल्यामुळेच तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या. मी त्यांना मराठीत नावं दिली आहेत, कारण नाव दिलं की चूक हाताला लागते. सगळ्याच स्वरांना सारखीच लागू होणारी चूक ती सरक. प्रत्येक सप्तकाला सारख्या हप्त्याने वाढत जाणारी ती चढाची चूक. आणि सरळ रेषेत न बसता मध्ये फुगणारी किंवा खचणारी तो बाक. सरक ऑसिलेटरच्या ट्यूनिंगच्या खुंटीने निघून जाते, ती कानाला त्रास देत नाही. चढाची चूक खुंटीने जात नाही. बाक तर ट्रिमरनेही (सर्किटमधल्या, पेचकसाने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरनेही) जात नाही. म्हणून ट्रिमरला पेचकस लावण्याआधी चुकीचा आकार काढायचा, ही या वहीपुरती शिस्त.

१ ते ५ व्होल्टच्या नोंदी जवळजवळ आखल्यासारख्या रेषेत आहेत: जोडल्याशिवाय व्होल्टमागे −३.५ मिलिव्होल्ट, जोडल्यावर −१३.४. तेरा-साडेतेरा मिलिव्होल्ट म्हणजे १६ सेंट. ट्यूनरने पहिल्या दिवशी सप्तकामागे साधारण हेच सांगितलं होतं. फक्त शून्याची नोंद रेषेबाहेर बसली आहे. तिच्याकडे नंतर.

१२ नोव्हेंबर

१६ सेंटांपैकी १२ एकाच रेझिस्टरचे आहेत.

आउटपुटच्या जॅकच्या आधी मी १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवला होता. चुकून दोन आउटपुट एकमेकांना जोडली गेली तर ऑप-अँप (आउटपुट चालवणारी प्रवर्धक चिप) वाचावा म्हणून. सगळेच ठेवतात. पण ऑसिलेटरचा इनपुट १०० किलोओहमचा आहे, त्यामुळे हा १ आणि ते १०० मिळून व्होल्टेज वाटून घेतात आणि ऑसिलेटरला १०१ पैकी १०० भागच पोचतात. एक टक्का गेला. सप्तकाचा एक टक्का १२ सेंट. दोन ऑसिलेटर लावले की इनपुट ५० किलोओहमचा होतो आणि ५१ पैकी ५० भाग पोचतात, चोवीस सेंटांच्या आसपास नुकसान.

काही जण १०० किलोओहमचा लोड लावूनच जुळवणी करतात. एका ऑसिलेटरपुरती ती बरोबर बसते, पण दुसरा जोडला की पुन्हा ढासळते. मला हा मार्ग पटत नाही. आउटपुटला काय जोडलं आहे यावर स्वर अवलंबून असता कामा नये.

म्हणून रेझिस्टर तिथेच ठेवला, पण ऑप-अँपचा फीडबॅक (स्वतःचं आउटपुट तपासायची परतीची वाट) त्याच्या आधीच्या टोकावरून काढून नंतरच्या, जॅककडच्या टोकावर नेला. आता ऑप-अँप स्वतःच्या पायावरचं व्होल्टेज न पाहता जॅकवरचं पाहतो, आणि रेझिस्टरमध्ये जेवढं हरवतं तेवढं आपणहून वाढवून देतो. पहिल्यांदा एवढंच केलं तर लांब केबल लावल्यावर ऑसिलोस्कोपवर प्रत्येक पायरीच्या कडेला थरथर दिसली. केबलची धारकता आणि हा रेझिस्टर मिळून फीडबॅकला उशीर करतात. ऑप-अँपच्या आउटपुटपासून उलट्या इनपुटपर्यंत २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि कड स्वच्छ झाली.

पुन्हा मोजलं: काहीही न जोडता, एक ऑसिलेटर जोडून, दोन जोडून. तिन्ही नोंदींतला फरक ०.१ मिलिव्होल्टच्या आत. ट्रिमरला अजून हातही लावलेला नाही.

१५ नोव्हेंबर

आज शून्याचं कोडं.

डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) एमसीपी४८२२ आहे: १२ बिट, ४०९६ पायऱ्या, दुप्पट गेनवर ४.०९६ व्होल्टपर्यंत. म्हणजे त्याच्या आउटपुटवर पायरी १ मिलिव्होल्टची, आणि पुढे ऑप-अँपने दुप्पट केल्यावर जॅकवर २ मिलिव्होल्टची. ही चिप एकाच धन पुरवठ्यावर चालते आणि तिचं आउटपुट जमिनीला पूर्ण टेकत नाही. शेवटचे काही मिलिव्होल्ट ती खोटं बोलते. मी ० व्होल्टच्या स्वराला तिला ० हाच आकडा देत होते, आणि तिथेच सरक मोजायला निघाले होते. तसं करून ट्रिमर फिरवला असता तर एकटा शून्याचा स्वर जुळला असता आणि बाकी सगळे सरकले असते.

उपाय असा केला: ऑप-अँपच्या उलट्या इनपुटला ३.३ मेगओहममधून एक ट्रिमर जोडला, जो अख्खं आउटपुट तीसेक मिलिव्होल्ट वर-खाली करू शकतो. मग डॅकला १० हा आकडा दिला की जॅकवर ०.००० यावं, असं आउटपुट खाली ओढलं. आता डॅकला तळ गाठावाच लागत नाही. सूत्र: १० अधिक, व्होल्टमागे ५००.

चढासाठी फीडबॅकमधला १० किलोओहम काढून ९.७६ किलोओहम आणि ५०० ओहमचा पंचवीस फेऱ्यांचा ट्रिमर लावला. एका फेऱ्याला ५ व्होल्टवर ५ मिलिव्होल्ट हलतात, हाताला सोयीचं. क्रम: १ व्होल्टवर सरक, ५ व्होल्टवर चढ, परत १, परत ५. एक बदलला की दुसरा थोडा हलतो, तीन-चार फेऱ्यांत दोन्ही स्थिरावतात. प्रत्येक वेळी पेचकसाच्या मुठीने ट्रिमरवर हलकी टिचकी मारून पुन्हा वाचायचं. आतली पट्टी कधी कधी ताणून थांबलेली असते आणि रात्रीतून सुटते.

पहिलं आउटपुट, सप्तकांवर: ०, १, २, ३, ४, ५ व्होल्ट, सगळीकडे चूक ०.७ मिलिव्होल्टच्या आत.

१६ नोव्हेंबर

सप्तकं बरोबर, आणि तरी चाल बेसूर!

काल रात्री आनंदाने ओळ वाजवायला घेतली. षड्ज ठीक, वरचा षड्ज ठीक, पण पंचम चढा आणि निषाद तर स्पष्टच चढा. मोजपट्टी चुकली का, म्हणून सगळं पुन्हा मोजलं. सप्तकं जागच्या जागी. मग अर्धस्वर एकेक करून मोजायला बसले, आणि कागदावर करवतीचे दात उमटले. १ व्होल्टला चूक शून्य, पुढच्या अर्धस्वराला +०.७ मिलिव्होल्ट, सातव्याला +४.७, अकराव्याला +७.३, आणि सप्तकावर पुन्हा शून्य. पुढच्या सप्तकात तोच दात, त्याच्यापुढच्यात तोच.

चढाची चूक प्रत्येक सप्तकाला शून्यावर येत नाही, बाकही इतका नियमित नसतो. असा आकार सर्किट काढूच शकत नाही, तो हिशोबातूनच आला असणार. प्रोग्राम उघडला. सप्तकाला ५०० पायऱ्या, अर्धस्वराला ५०० भागिले १२ म्हणजे ४१.६७. पूर्णांक हवा म्हणून मी ४२ लिहून ठेवला होता आणि स्वराच्या क्रमांकाने गुणत होते. प्रत्येक अर्धस्वराला तिसरा हिस्सा पायरी जास्त, अकराव्या स्वरापर्यंत पावणेचार पायऱ्या, जवळजवळ ९ सेंट.

आता आधी गुणायचं, मग भागायचं, आणि पूर्णांक करणं अगदी शेवटी, एकदाच. स्वराचा क्रमांक गुणिले ५००, भागिले १२, जवळचा पूर्णांक, अधिक १०. त्यात उरणारी चूक अर्ध्या पायरीच्या आतली, म्हणजे १ मिलिव्होल्टपेक्षा कमी. १२ बिटांत याहून बारीक जाता येत नाही. १६ बिटांचा डॅक १० व्होल्टवर पसरला तर पायरी ०.१५ मिलिव्होल्टची होईल, पण बारीक पायऱ्या म्हणजे बरोबर जागी असलेल्या पायऱ्या नव्हेत. ५ तारखेला मीटरबद्दल लिहिलं तेच इथेही.

नुसती सप्तकं मोजून जुळवणी संपली असं समजणाऱ्या सगळ्यांसाठी ही नोंद ठळक करून ठेवते. मीही त्यांच्यातली होते. बाराही स्वर मोजावेत, निदान एका सप्तकाचे तरी.

२० नोव्हेंबर

दुसरं आउटपुट. सरक आणि चढ तासाभरात झाले. पण १ आणि ५ व्होल्ट बांधून ठेवले की ३ व्होल्टला +४.६ मिलिव्होल्ट, २ आणि ४ ला तीनाच्या जवळ. हा बाक. डॅकच्या आतलाच, चिपच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत बसणारा. तक्रारीला जागा नाही. त्याच चिपचं पहिलं आउटपुट इतकं सरळ निघालं हेच नशीब.

ट्रिमरने बाक निघत नाही, म्हणून प्रोग्राममध्ये तक्ता ठेवला: ० ते ६ व्होल्ट, प्रत्येक व्होल्टला किती पायऱ्यांची दुरुस्ती. मधल्या स्वरांसाठी दोन शेजाऱ्यांच्या मधली सरळ रेषा. दुरुस्ती अपूर्णांकात साठवली आहे आणि पूर्णांक करणं इथेही शेवटीच. ६ व्होल्टचा सांधा मोजपट्टीवर नाही, तिथे ५ व्होल्टपासूनचा १ व्होल्टचा फरक वाचला.

तक्ता असताना ट्रिमर कशाला, सगळंच प्रोग्राममध्ये का नाही, असा विचार आला होता. पण ट्रिमर अखंड फिरतो आणि तक्ता २ मिलिव्होल्टच्या पायरीने चालतो. मोठी कामं ट्रिमरने आणि उरलेलं तक्त्याने, हेच १२ बिटांसाठी योग्य वाटतं.

२३ नोव्हेंबर

पायऱ्या संपादित करायच्या पानावर गेलं की सूर एकदम हलतो. पाच-सहा सेंट, आणि पानातून बाहेर आलं की परत जागेवर. मीटर मात्र काहीच दाखवत नव्हतं. जॅकवरचं व्होल्टेज दगडासारखं स्थिर.

दोन तास गेल्यावर लक्षात आलं की मीटरची काळी बाजू सिक्वेन्सरच्या बोर्डावरच्या जमिनीशी बांधलेली आहे. ऑसिलेटर त्या जमिनीवर उभा नाही, तो स्वतःच्या जमिनीवर उभा आहे. मीटर दोन जमिनींच्या मध्ये लावलं आणि संपादनाचं पान उघडलं: ६ मिलिव्होल्ट.

त्या पानावर सोळाही एलईडी एकदम लागतात. प्रत्येकी ८ मिलिअँपियर, मिळून १२८. ही वीज वीजपुरवठ्याकडे परतते ती रिबन केबलच्या जमिनीच्या तारांतून, आणि त्या वाटेला सांध्यांसकट ०.०५ ओहमच्या आसपास रोध असला तरी गुणाकार ६.४ मिलिव्होल्ट होतो. सिक्वेन्सरची जमीनच तेवढी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर त्याचे सगळे स्वर.

एलईडीचे रेझिस्टर बदलून वीज १ मिलिअँपियरवर आणली, आजचे एलईडी तेवढ्यात पुरेसे दिसतात. शिवाय जमिनीची वेगळी जाड तार थेट पुरवठ्यापर्यंत नेली. आता हलतं ते अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. मोजपट्टीची जमीन यापुढे ऑसिलेटरच्या जॅकवर जोडायची. स्वर जिथे ऐकला जातो तिथूनच मोजायचा.

२४ नोव्हेंबर

थंड असताना आणि दोन तासांनी, ५ व्होल्टवर फरक २.३ मिलिव्होल्ट. डॅकचा आतला संदर्भ अंशामागे ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) हलतो. पेटीत दहाएक अंश वाढले असतील, हिशोब जुळतो. जुळवणी पेटी बंद ठेवून, अर्धा तास तापवून करायची. बाकी काही करणार नाही.

२९ नोव्हेंबर

क्वांटायझरची इनपुटची बाजू. आउटपुट आधी आणि इनपुट नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला, कारण आता माझं पहिलं आउटपुटच इनपुटची मोजपट्टी होऊ शकतं. एक केबल टाकून आउटपुट इनपुटला जोडलं आणि ६१ अर्धस्वर एकापाठोपाठ पाठवून एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपचे) आकडे साठवले.

चढ ०.६ टक्के जास्त निघाला. इनपुटच्या बाजूला चूक लगेच ऐकू येत नाही, कारण क्वांटायझर जवळच्या स्वराला बसवून ती झाकतो. अर्धस्वराची अर्धी वाट ४१.६७ मिलिव्होल्टची. ५ व्होल्टला ०.६ टक्के म्हणजे ३० मिलिव्होल्ट आधीच खर्च, हाताशी फक्त ११.७ उरतात. समोरच्या यंत्राची स्वतःची चूक १२ मिलिव्होल्ट झाली की स्वर सरळ शेजारच्या घरात जातो. सगळं ठीक चाललेलं असताना वरच्या सप्तकात एखादाच स्वर अर्ध्याने चुकतो आणि माणूस चालीत चूक शोधत बसतो. हे माझ्या बाबतीत झालेलं आहे. दुरुस्ती प्रोग्राममध्येच केली, कारण इथे पायरी २.४४ मिलिव्होल्टची असली तरी चालते.

सीमेवरच्या व्होल्टेजला दोन स्वरांत फडफड होत होती. सोळा वाचनांची सरासरी घेतली, आणि पकडलेला स्वर सोडायचा असेल तर सीमेच्या १० मिलिव्होल्ट पुढे जावं लागेल अशी अट घातली. फडफड थांबली. अट आणखी मोठी केली तर हळू सरकणाऱ्या व्होल्टेजला स्वर उशिरा बदलल्याचं ऐकू येतं, १० वर थांबले.

ट्रिगरवर (नवी पायरी आल्याच्या इशाऱ्यावर) स्वर पकडताना कधी कधी मागच्या पायरीचा स्वर लागायचा. ट्रिगर आणि व्होल्टेज एकदम निघतात, पण समोरच्या यंत्राचं व्होल्टेज जागेवर बसायला वेळ घेतं. ट्रिगर आल्यावर २ मिलिसेकंद थांबून वाचते आता. कानाला तो उशीर कळत नाही.

आणि एक गोष्ट केवळ हौसेची. समान अर्धस्वरांऐवजी शुद्ध गुणोत्तरांचा तक्ता भरला. ५/४ चा गांधार ०.३२१९ व्होल्टवर येतो, समान विभागणीतला ०.३३३३ वर. फरक ११.४ मिलिव्होल्ट, पावणेचौदा सेंट. पंचम ०.५८५० वर, तिथे फरक जेमतेम दीड मिलिव्होल्टचा. महिन्याभरापूर्वी हा तक्ता भरला असता तर यंत्राची चूकच गांधाराच्या फरकापेक्षा मोठी होती. आज षड्जावर गांधार ठेवला आणि दोन्ही ऑसिलेटर एकमेकांत विरघळले, डोलणं जवळजवळ थांबलं. बराच वेळ नुसती ऐकत बसले. स्वरांची अंतरं असमान झाली की सीमाही असमान होतात, प्रत्येक सीमा दोन शेजारी स्वरांच्या मध्यावर ठेवली आहे.

६ डिसेंबर

अखेर ऑसिलेटर. हा शेवटी ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. सिक्वेन्सरच्या चुकीला ऑसिलेटरच्या ट्रिमरने झाकलं असतं, तर तो ऑसिलेटर फक्त त्याच सिक्वेन्सरबरोबर सुरात राहिला असता आणि कीबोर्डला जोडला की पडला असता.

पहिल्या दिवसाच्या ट्यूनरच्या नोंदींतून सिक्वेन्सरची सप्तकामागे १६ सेंट ही चूक वजा केली: +१, +१, −१, −५. ही ऑसिलेटरची स्वतःची. आज विश्वासाच्या व्होल्टेजवर मोजलं तर जवळजवळ हेच आकडे आले, तेव्हा बरं वाटलं. वरच्या टोकाला खचणं हे करवती लहरीच्या ऑसिलेटरचं ओळखीचं लक्षण आहे. प्रत्येक आवर्तनाला कपॅसिटर रिकामा करायला ठरावीक वेळ जातो. तो वेळ १ मायक्रोसेकंद असेल तर ४००० हर्ट्झला आवर्तनाचे ०.४ टक्के होतो, सात सेंट. खाली तोच वेळ नगण्य. त्यासाठी वेगळा, उच्च स्वरांचा ट्रिमर असतो. चढाच्या ट्रिमरने खालची तीन सप्तकं जुळवली, मग वरचं सप्तक या दुसऱ्याने.

ट्यूनरपेक्षा कान बारीक निघाला. दोन ऑसिलेटर ४४० हर्ट्झला एकत्र लावले की एका सेंटच्या फरकाला आवाज साधारण चार सेकंदांनी एकदा डोलतो. घड्याळ धरून डोलणं मोजलं. ११० हर्ट्झला तोच एक सेंट सोळा सेकंद घेतो, म्हणून खाली घाई करायची नाही.

कामाच्या मध्ये ऑसिलेटरवर हात ठेवू नये. आतल्या ट्रान्झिस्टरला एका सप्तकासाठी १८ मिलिव्होल्टच लागतात, आणि हा आकडा अंशामागे तिसरा हिस्सा टक्का बदलतो. भरपाईचा रेझिस्टर आहे, पण तो आणि ट्रान्झिस्टर एकाच वेळी तापायला हवेत.

७ डिसेंबर

शेवटच्या नोंदी, मोजपट्टीची जमीन ऑसिलेटरच्या जॅकवर, पेटी बंद, चाळीस मिनिटं तापवून, दोन्ही ऑसिलेटर साध्या मल्टिपलवर. पहिलं आउटपुट, ६१ अर्धस्वर: सर्वांत मोठी चूक १.४ मिलिव्होल्ट. दुसरं: १.९. ट्यूनरवर १ व्होल्टपासून वर: ०, ०, +१, −१.

५ ते ६ व्होल्टच्या मधले अर्धस्वर अजून एकेक करून मोजलेले नाहीत, दुसऱ्या संदर्भ चिपची वाट पाहतेय.

पेटीच्या तळाला पट्टी चिकटवली: ७ डिसेंबर, शून्याला १०, व्होल्टमागे ५००, दुसऱ्या आउटपुटच्या तक्त्याचे सात आकडे.